मुलांची फुप्फुस तपासणी साथीत बंद नको, पण आधी खोलीची हवा मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्वसनविकाराची साथ आली की रुग्णालयांत ज्या तपासण्यांना सर्वांत आधी कुलूप लागते, त्यांत स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्राच्या नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, असते. साथ ओसरल्यावर सर्वांत शेवटी उघडते तीही हीच. २०२० साली युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या तज्ज्ञगटाने साथ भरात असताना केवळ अत्यावश्यक तपासण्या कराव्यात असे सांगितले होते आणि ते योग्यच होते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘केवळ अत्यावश्यक’चा अर्थ ‘कुणाचीच नाही’ असा लावला गेला. दुसरे टोकही पाहायला मिळते. साथ जरा उतरली की शाळेच्या हॉलमध्ये मोफत शिबिर भरते, शंभर मुले रांगेत उभी राहतात आणि एकच यंत्र हातोहात फिरते. या दोन टोकांच्या मधला रस्ता अवघड नाही. फक्त तो साथ येण्याआधी आखून ठेवावा लागतो, म्हणून हे पत्र.

नागपूरला हा प्रश्न शहरापुरता नाही. मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि इथली खासगी बालरुग्णालये गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून पलीकडे छिंदवाडा, बालाघाटपर्यंतच्या मुलांना पाहतात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. या मुलांना छातीचा गंभीर त्रास एकाएकी होऊ शकतो आणि त्यांच्या फुप्फुसांची आधीची नोंद हाताशी असेल तर उपचार ठरवायला मदत होते. पाठीचा कणा वाकलेल्या मुलांची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, स्नायूंच्या आजारात फुप्फुसांची घटत जाणारी क्षमता, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरची देखरेख, औषध देऊनही आटोक्यात न येणारा दमा: ही कामे साथ संपेपर्यंत थांबवता येत नाहीत. उलट, दमा चांगला आटोक्यात असलेल्या मुलाची ‘सहा महिने झाले म्हणून’ केली जाणारी तपासणी, शाळेचे किंवा खेळाचे फिटनेस प्रमाणपत्र आणि शिबिरे साथीत खुशाल पुढे ढकलावीत. ही निवड डॉक्टरने चिठ्ठी लिहितानाच करायला हवी. तपासणीच्या दारात उभ्या असलेल्या तंत्रज्ञावर ती ढकलू नये.

आदल्या दिवशी एक फोन करावा. ताप, सर्दी, नवा खोकला किंवा घरात कुणी आजारी असेल तर तारीख पुढची द्यावी. गोंदियाहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या आईला दारातून परत पाठवणे कुणालाच जमत नाही, मग नियम तिथेच मोडतो. शिवाय सर्दी झालेल्या मुलाचे आकडे खाली येतातच, म्हणजे धोका पत्करून हाती पडतो तो निरुपयोगी अहवाल. त्याच फोनवर औषधांचेही सांगून टाकावे: सल्ब्युटामॉलचा पंप तपासणीपूर्वी ४ ते ६ तास आणि लांब पल्ल्याचे श्वासनलिका रुंदावणारे औषध २४ तास थांबवायचे, मात्र त्रास झाला तर पंप द्यायचा आणि तसे कळवायचे. रोजचा स्टेरॉइडचा पंप मुळीच बंद करायचा नाही. २०२० मध्ये या पंपाने कोरोना वाढतो अशा धास्तीने काही घरांतून तो बंद झाला. दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात त्याच वर्षी, तो चालू ठेवा, असे स्पष्ट म्हटले होते.

आता खोलीकडे येऊ. साथीत सगळ्यांचे लक्ष फिल्टर आणि पीपीई किटकडे असते, हवेकडे कुणाचेच नसते. फिल्टर नळीतून जाणाऱ्या श्वासातील जंतू अडवतो. जोरात फुंकल्यावर मुलाला खोकल्याची उबळ येते, तोंड नळीवरून सुटते आणि तो खोकला सरळ खोलीत येतो. तिथे फिल्टरचा काही उपयोग नाही. त्या वेळी कामाला येते ती वाहती हवा.

किती वाहती? खोलीतील सगळी हवा तासाभरात किती वेळा बदलते, हे त्याचे माप. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यानुसार तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर हवेतील ९९.९ टक्के कण निघून जायला ३५ मिनिटे लागतात. तासाला ६ वेळा असेल तर ६९ मिनिटे. तासाला दोनच वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायलाच १३८ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेली खोली बहुधा या शेवटच्या गटात, किंवा त्याहूनही वाईट असते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून पुन्हा फिरवतो. अशा खोलीत दर वीस मिनिटांनी पुढचे मूल घेतले जाते तेव्हा त्याला आधीच्या मुलाची हवा मिळते.

हे मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही, कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे मीटर पुरते. साथ नसताना, एखाद्या संध्याकाळी, तीन-चार कर्मचाऱ्यांनी खोली बंद करून अर्धा-पाऊण तास आत बसावे. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आतला आकडा १४२० झाला असे धरा, म्हणजे फरक १००० चा. आता सगळ्यांनी बाहेर यायचे, तपासणीच्या वेळी चालू असतो तेवढाच पंखा, कूलर किंवा एक्झॉस्ट चालू करायचा आणि काचेतून मीटर पाहत राहायचे. फरक १००० वरून ३७० वर, म्हणजे मीटर ७९० वर येईपर्यंतचा वेळ नोंदवायचा. १० मिनिटे लागली तर हवा तासाला ६ वेळा बदलते, ५ मिनिटे लागली तर १२ वेळा. अर्धा तास लागला तर ती खोली या कामाची नाही. एवढा एक आकडा काढून दारावर लावला की दोन मुलांमध्ये किती अंतर ठेवायचे हा वाद उरत नाही. एक खबरदारी घ्यावी: हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर असलेला एअर प्युरिफायर कण काढतो, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. त्याचे काम या मीटरवर दिसणार नाही, ते वेगळे मिळवावे लागते. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. प्युरिफायर तासाला ४०० घनमीटर स्वच्छ हवा देत असेल तर त्याने सुमारे १२ बदलांची भर पडते, अर्थात तो पूर्ण वेगावर चालला तर. आवाज होतो म्हणून कमी वेगावर ठेवला तर निम्म्यानेही पडणार नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचा इथे एक वेगळाच घोळ आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना खिडकीतला कूलर हा एसीपेक्षा बरा, कारण तो ताशी हजारो घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो. पण ढकललेली हवा कुठून तरी बाहेर पडणारच. समोर बाहेर उघडणारी खिडकी नसेल तर ती दाराच्या फटींतून थेट वऱ्हांड्यात, जिथे पुढची मुले बसली आहेत तिथे जाते. म्हणजे खोली थंड आणि स्वच्छ, पण वाट पाहणाऱ्यांचे हाल. म्हणून कूलर असेल तर समोरच्या भिंतीची बाहेरची खिडकी पूर्ण उघडी, तिथेच एक्झॉस्ट आणि वऱ्हांड्याचे दार बंद. दाराच्या फटीशी टिश्यूची बारीक पट्टी धरून पाहावी: ती आत ओढली गेली पाहिजे, बाहेर फडफडता कामा नये. फडफडत असेल तर कूलरचा वेग कमी करा किंवा एक्झॉस्ट वाढवा. (उदबत्तीचा धूर सोडून हवेची दिशा पाहण्याचा सल्ला कुणीतरी देतेच. दम्याच्या मुलांच्या खोलीत तो प्रयोग नको.) आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायचा नियम इथेही लागू आहेच, डास काही रुग्णालय पाहून अंडी घालत नाहीत.

कूलरचा दुसरा त्रास यंत्राला होतो. टर्बाइनच्या स्पायरोमीटरमधले पाते इतके हलके असते की झोत अंगावर आला की मुलाने तोंड लावण्याआधीच ते फिरू लागते आणि पडद्यावर रेघ आपोआप चढत जाते. दाबाच्या फरकावर चालणाऱ्या यंत्रात ‘शून्य’ ठरवताना वाऱ्याची झुळूक लागली तर पुढची प्रत्येक फुंकर तेवढ्याने चुकते: श्वास संपला तरी आलेख सपाट होत नाही, वर तरी जातो नाही तर खाली तरी येतो. म्हणून हवेची दिशा अशी असावी की ती तंत्रज्ञाच्या पाठीमागून येऊन मुलाच्या पलीकडे बाहेर जाईल आणि सेन्सर मुख्य झोतात येणार नाही. शून्य ठरवताना नळीचे तोंड हाताने झाकावे की कसे, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे. खोलीचे तापमान आणि आर्द्रता यंत्रात रोज भरावी. थंड नळीतून उबदार श्वास जातो त्याचा हिशेब यंत्र त्यावरूनच करते, आणि मार्चमध्ये भरलेले २६ अंश मे महिन्यापर्यंत तसेच राहिलेले असतात.

कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर मोजते का याची पडताळणी) सकाळी, पहिले मूल येण्यापूर्वी, नवा फिल्टर लावूनच करायचे. ३ लिटरची सिरिंज सावकाश, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी चालवायची आणि प्रत्येक वेळी आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत यायला हवा. फिल्टर न लावता कॅलिब्रेशन आणि फिल्टर लावून तपासणी, हा प्रकार सर्रास चालतो. फिल्टरचा अडथळा थोडा असतो, पण सहा वर्षांच्या मुलाची फुंकरही थोडीच असते. सिरिंज त्याच खोलीत ठेवावी, दुसऱ्या खोलीच्या कपाटातून आणून लगेच वापरू नये. साफसफाईसाठी सेन्सर उघडला तर पुन्हा कॅलिब्रेशन करावे.

फिल्टर जिवाणू-विषाणूंना अडवणारा, जोरदार फुंकरीच्या वेगावर तपासलेला आणि एका मुलाला एकच असावा. पुठ्ठ्याची एकमार्गी झडप असलेली नळी म्हणजे फिल्टर नव्हे. ती मुलाला आत श्वास घेऊ देत नाही एवढेच, यंत्र मात्र दूषित होते. फिल्टर उन्हात वाळवून किंवा स्पिरिटने पुसून पुन्हा वापरणे तर साफ चूक: ओल्याने त्यातील तंतूंवरचा विद्युतभार जातो, अडवण्याची ताकद घटते आणि दिसायला तो नव्यासारखाच दिसतो. अपवाद एकच. औषध देऊन दुसऱ्यांदा तपासायचे तेव्हा त्याच मुलाला तोच फिल्टर, मधल्या वेळात नाव लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवून.

मग प्रत्यक्ष फुंकर. साथीत सुरक्षित तपासणी म्हणजे कमीत कमी फुंकरींत उरकलेली तपासणी. त्यासाठी शिकवण्याचे काम खोलीबाहेर, शक्य तर आदल्या दिवशी मोबाइलवर पाठवलेल्या चित्रफितीतून व्हावे. एन-९५ मास्क लावलेल्या तंत्रज्ञाचे तोंड मुलाला दिसत नाही, त्यामुळे ‘माझ्यासारखं कर’ हे वाक्य निकामी होते. घरी सरावाला भिंगरी चालेल, फुगा नको. फुगा मुले गालांनी फुगवतात आणि तीच सवय नळीवर घेऊन येतात.

बसायला चाके नसलेली, हातांची खुर्ची, पाय टेकायला पाट, पाठ ताठ आणि नाकाला चिमटा. दात नळीच्या बाहेरून, ओठ घट्ट, जीभ खाली. पूर्ण श्वास झटकन आत, दोन सेकंदांपेक्षा जास्त न थांबता एकदम जोरात बाहेर आणि मग ‘अजून, अजून, अजून’. इथे घाईने होणारी चूक ही की मोठ्यांचा सहा सेकंदांचा नियम मुलांना लावला जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाची फुप्फुसे दोन-तीन सेकंदांत रिकामी होतात. २०१९ च्या अमेरिकी व युरोपीय संयुक्त निकषांनी सेकंद मोजण्यापेक्षा आलेख सपाट झाला का, शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा आली का, यावर भर दिला आहे. ‘सहा सेकंद झाले नाहीत’ म्हणून सात-आठ वेळा फुंकायला लावले की मूल थकते, खोकते, शेवटी रडते आणि ते सगळे हवेत जाते. तीन चांगल्या फुंकरी मिळवायच्या. त्यातील सर्वांत चांगल्या दोहोंत सहा वर्षांवरील मुलात १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. सहा वर्षांपर्यंत १०० मिलिलिटर किंवा मोठ्या आकड्याच्या १० टक्के, यांत जे जास्त असेल ते. हे जमले की थांबायचे.

खोकला आला तर नळी सोडायची नाही, तोंड तिथेच ठेवून खोकायचे, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. पाच वर्षांचे मूलही ते लक्षात ठेवते. नळी सोडताच मास्क वर. तंत्रज्ञाने समोर नव्हे, मुलाच्या बाजूला, खांद्याच्या जरा मागे बसावे. सोबत एकच पालक, मास्कसह.

पडद्यावरच्या मेणबत्त्यांचा खेळ लहानांना आवडतो, पण त्या पहिल्या झटक्यात विझतात आणि मूल लगेच थांबते. शेवटपर्यंत फुंकल्यावरच चेंडू जागेवर पोचतो अशा प्रकारचा खेळ यंत्रात असेल तर तो लावावा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना फोर्स्ड ऑसिलेशनची तपासणी अधिक सोयीची: गाल हातांनी धरून १६ सेकंद शांत श्वास घ्यायचा, जोर लावायचा नाही, त्यामुळे खोकलाही क्वचित. ही यंत्रे अजून थोड्याच ठिकाणी आहेत.

औषधानंतरच्या तपासणीत नेब्युलायझरची वाफ देऊ नये, ती खोलीभर पसरते. सल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे ४ झोत, एकेक करून, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून). मग १० ते १५ मिनिटे मुलाने बाहेर मोकळ्या हवेत थांबायचे. स्पेसर प्रत्येक मुलाचा स्वतःचा, घरून आणलेला. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा, फडक्याने पुसला की विजेचा भार चढून औषध भिंतीलाच चिकटते. धावायला लावून किंवा श्वासनलिका आवळणारे मेथाकोलिन देऊन दम तपासणे साथीत नकोच.

उंची बूट काढून, भिंतीवरच्या मापाने. तीन सेंटिमीटरची चूक सव्वाशे सेंटिमीटरच्या मुलात अपेक्षित आकडा साधारण पाच-सहा टक्क्यांनी हलवते, आणि मग ‘शंका आहे, पुन्हा करा’ असा शेरा येतो. मोठ्यांचे ७० टक्क्यांचे गुणोत्तर (पूर्ण फुंकरीतील हवेपैकी पहिल्या सेकंदात येणारा वाटा) मुलांना लावणे ही तशीच चूक. निरोगी मुलात पहिल्या सेकंदाचा वाटा ८५-९० टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा ७५ टक्के आलेले मूल ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते.

पृष्ठभाग पुसायला ०.१ टक्के हायपोक्लोराइट: बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर २० मिलिलिटरमध्ये ९८० मिलिलिटर पाणी, रोज ताजे. खुर्ची, हात टेकायची जागा, दाराची मूठ पुसायची. सेन्सरवर ते टाकायचे नाही, गंज चढतो. वापरलेले फिल्टर आणि चिमट्यांचे फोम जैववैद्यकीय कचऱ्यात जातील, घंटागाडीत नव्हे.

ज्यांची तपासणी पुढे ढकलली त्यांना वाऱ्यावर सोडू नये. सहा वर्षांवरील दम्याच्या मुलाला स्वतःचे पीक फ्लो मीटर (फुंकरीचा सर्वाधिक वेग दाखवणारे साधे उपकरण) द्यावे: उभे राहून तीन झटकेदार फुंकरी, त्यातील सर्वांत मोठा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचा, आणि हे आजी-आजोबांच्या शेजारी बसून नव्हे, गच्चीत किंवा अंगणात. मुलाच्या नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आले तर डॉक्टरला फोन, ५० च्या खाली आले तर पंप देत थेट रुग्णालय. कोरोनात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर दम्यात विसंबू नये. श्वासनलिका बऱ्यापैकी आवळल्या तरी तो बराच वेळ ९७ दाखवत राहतो. मूल एका दमात वाक्य पूर्ण करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल तर आकडा पाहत बसू नये.

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वसनविषाणूच्या बातम्यांनी पालक घाबरले, तेव्हा पुन्हा तेच प्रश्न आले: तपासणी चालू आहे का, सुरक्षित आहे का? आमची मागणी साधी आहे. शहरातील प्रत्येक शासकीय रुग्णालयाने मुलांच्या तपासणीसाठी बाहेरच्या भिंतीची एक खोली आताच ठरवावी. तिची हवा मोजावी. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था याच शहरात आहेत, मोजणाऱ्यांची वानवा नाही. आकडा कमी आला तर एक्झॉस्टचे काम दिवाळीच्या आत उरकावे, कारण सर्दी-खोकल्याचे दिवस आणि खिडक्या बंद करायचे दिवस नागपुरात एकाच वेळी येतात. आणि फिल्टर हा ‘किरकोळ साहित्य’ या सदरात न धरता दर तपासणीमागे एक, असा खरेदीच्या मागणीपत्रात स्वतंत्र लिहावा. किरकोळ साहित्य मार्चमध्ये संपते.

आपले,
बालकांच्या श्वसन तपासणीच्या क्षेत्रातील डॉक्टर व तंत्रज्ञ, नागपूर